मुलाम्याची गोळी आणि रिव्हॉल्व्हरची क्रिम्प

प्रश्न थोडक्यात असा आहे. .३५७ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर. आजवर .३८ स्पेशलच्या पुंगळ्यांत, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या पितळी नळकांड्यांत, ओतीव शिशाच्या गोळ्या घरीच भरून सराव चालू होता, कधी तक्रार नव्हती. आता १५८ ग्रेन वजनाच्या, तांब्याचा मुलामा दिलेल्या गोळ्या आणल्या आणि डायचं (काडतूस घडवणाऱ्या साच्याचं) सेटिंग न हलवता तशाच भरल्या. कागदावर काही भोकं गोल पडली, काही आडवी, म्हणजे गोळी कोलांट्या खात गेली. मग कुणीतरी सांगितलं म्हणून क्रिम्प (पुंगळीचं तोंड गोळीभोवती आवळणं) जवळजवळ काढूनच टाकली, तर चौथ्या बारानंतर सिलिंडर फिरेना. या गोळीला शिशाची समजायचं की जॅकेटची, म्हणजे धातूच्या जाड आवरणाची, आणि क्रिम्प किती द्यायची?

दोन्ही बिघाडांचं मूळ एकच आहे. आधी क्रिम्प जास्त होती, नंतर फार कमी झाली, हे तर तुमच्याही लक्षात आलं असेल. पण मधली जागा शोधून प्रश्न सुटत नाही. गोळी धरून ठेवायचं काम तुम्ही क्रिम्पकडे दिलं आहे, आणि मुलाम्याच्या गोळीत ते काम क्रिम्पचं नाहीच. उत्तर त्याच्याभोवतीच फिरणार आहे. आणि एक गृहीत धरतो की तुम्ही राहता तिथे काडतुसं स्वतः भरायला कायद्याची परवानगी आहे आणि ती तुमच्याकडे आहे. नसेल तर हे वाचून सोडून द्या.

आधी ही गोळी काय चीज आहे ते बघू. शिशाच्या तारेचे तुकडे साच्यात थंडच दाबून गाभा घडवतात, शेवटच्या मापापेक्षा किंचित बारीक. मग असे हजारो गाभे तांब्याच्या द्रावणात, विजेच्या प्रवाहात फिरत ठेवतात. तांबं कणाकणाने चढत जातं. पुरेसा थर चढला की गोळी पुन्हा साच्यात दाबून नेमक्या मापावर आणतात. हा थर साधारण ०.१ ते ०.२५ मिलिमीटर जाडीचा. जॅकेटच्या गोळीवरचं आवरण याच्या दुप्पट-तिप्पट, कधी त्याहूनही जाड असतं, आणि ते शुद्ध तांबं नसून ९५ टक्के तांबं व ५ टक्के जस्त असलेला गिल्डिंग मेटल हा मिश्रधातू असतो. जॅकेट म्हणजे चिलखत. मुलामा म्हणजे अंगातला सदरा.

सदऱ्याच्या आत काय आहे हेही महत्त्वाचं. तुमच्या ओतीव गोळ्यांत कथील आणि अँटिमनी मिसळलेलं असतं, म्हणून त्या बऱ्यापैकी कडक असतात. मुलाम्याच्या गोळीचा गाभा मात्र बहुधा मऊ शिशाचा असतो, कारण थंड दाबून घडवायचा असतो. वरून तांबं दिसतं म्हणून हाताला ती कडक वाटते, पण आतून ती तुमच्या जुन्या गोळीपेक्षाही मऊ असते. पुढचे बहुतेक घोटाळे इथूनच निघतात.

आता आडव्या भोकांकडे येऊ. ओतीव गोळीवर क्रिम्पसाठी मुद्दाम पाडलेली खाच असते. रोल क्रिम्पमध्ये पुंगळीचं तोंड आत वळतं आणि त्या खाचेत जाऊन बसतं. मुलाम्याच्या बहुतेक गोळ्यांना अशी खाच नसते. डाय तीच, सेटिंग तेच, मग पितळेची कड जाणार कुठे? सदरा फाडून मऊ शिशात. बाहेरून काडतूस देखणं दिसतं, आत मात्र गोळीभोवती गोल चीर पडलेली असते. बार उडाला की गोळी नळीतल्या आट्यांत (आत कोरलेल्या पिळदार खाचांत) शिरते आणि तिला एकदम पीळ बसतो. अखंड मुलामा तो पीळ सोसतो, चिरलेला सोसत नाही. थोडी साल सुटते, गोळीचा तोल जातो आणि ती आडवी होऊन कागदावर आदळते. काही गोळ्या गोल भोक पाडून गेल्या, कारण तुमच्या सगळ्या पुंगळ्या सारख्या लांबीच्या नव्हत्या. लांब पुंगळीवर क्रिम्प जास्त बसते, आखूडीवर कमी. पुंगळ्यांची लांबी व्हर्नियरने एकदा मोजून बघाच, एकाच पेटीतही फरक निघतो.

कागद बिघडला इतकंच असतं तर एवढं लिहिलं नसतं. सुटलेली साल कधीकधी नळीतच राहते. मी या गोळ्या पहिल्यांदा भरल्या तेव्हा हीच चूक केली होती. जुनंच सेटिंग, वर थोडा माज. संध्याकाळी नळी साफ करताना ब्रश मधेच अडला. उजेड धरून पाहिलं तर आटीला चिकटलेली तांब्याची लांबट पट्टी. तिच्यावरून आणखी किती गोळ्या गेल्या होत्या देव जाणे. नळी वाचली ती नशिबाने. तुमच्या गोळ्या आडव्या गेल्या असतील तर पुढचं काही करण्याआधी नळी उजेडात आरपार बघा, आणि नळीचं मागचं तोंड, जिथे गोळी सिलिंडरमधून उडी मारून शिरते तो शंकूच्या आकाराचा भाग, तोही बघा.

सिलिंडर अडकला त्याचं कारण याच्या बरोबर उलट. पिस्तुलात काडतुसं मॅगझिनमध्ये असतात, धक्क्याने गोळी फार तर आत ढकलली जाते. रिव्हॉल्व्हरमध्ये ती बाहेर ओढली जाते. एक बार उडतो तेव्हा सगळं रिव्हॉल्व्हर झटक्यात मागे येतं, सोबत उरलेल्या पाचही पुंगळ्या कडेने धरून मागे ओढल्या जातात. आतली जड गोळी मात्र होती तिथेच राहू पाहते. एसटीने एकदम वेग घेतला की उभा माणूस मागे राहतो, तसंच. पकड ढिली असेल तर प्रत्येक बाराला गोळी केसभर पुढे सरकते, आणि एका क्षणी तिचं नाक सिलिंडरच्या पुढे येऊन नळीच्या चौकटीला टेकतं. सिलिंडर जागच्या जागी बंद. रिव्हॉल्व्हर हलकं आणि गोळी जड असेल तर हे लवकर होतं. टायटॅनियम किंवा स्कँडियमच्या हलक्या चौकटीत याचा त्रास सर्वात जास्त.

म्हणजे गोळी घट्ट तर धरायची आहे, पण कडेने चावायचं नाही. मग धरायचं कशाने? पुंगळीच्या भिंतीने. रीलोडिंगमध्ये याला नेक टेन्शन म्हणतात. पुंगळी आकसवणारी डाय तिला गोळीपेक्षा थोडी अरुंद करते, मग गोळी आत दाबली की पितळ ताणलं जाऊन तिला सगळ्या बाजूंनी कवटाळतं. चांगल्या पकडीच्या काडतुसात गोळीचं बूड जिथे संपतं तिथे पुंगळीवर बारीकसा फुगवटा दिसतो, अजगराच्या पोटातल्या भक्ष्यासारखा. काहींना तो दोष वाटतो. तो दिसत नसेल तर मला काळजी वाटते.

ही पकड तीन ठिकाणी वाया जाते. पहिलं ठिकाण तोंड रुंद करणारा एक्सपांडर. शिशासाठीचा एक्सपांडर जाणूनबुजून जाड असतो, कारण ओतीव गोळी .३५८ इंचाची असते आणि तिला खरवडायचं नसतं. मुलाम्याची गोळी अनेकदा .३५७ ची असते. त्याच एक्सपांडरने तिची पकड तिथेच संपते. व्हर्नियरने एक्सपांडरचा व्यास मोजा. तो गोळीपेक्षा स्पष्ट बारीक नसेल तर जॅकेटच्या गोळ्यांसाठीचा घ्या. तोंडही लागेल तेवढंच उघडा. गोळी बुडावर उभी राहून तोल न जाता टेकली की पुरे. त्याहून कमी उघडलंत तर मात्र कड मुलाम्याची साल काढते, आणि डायच्या तोंडाशी तांब्याची बारीक वेटोळी जमलेली दिसतात. ती दिसली की थांबायचं.

दुसरं ठिकाण पुंगळ्या स्वतः. बऱ्याच वेळा भरून झालेलं पितळ कडक होतं, आकसवलं तरी थोडं परत फुलतं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुंगळ्यांच्या भिंतीची जाडीही सारखी नसते. सरावाला मी सरमिसळ चालवून घेतो, पण हलक्या रिव्हॉल्व्हरसाठी एकाच छापाच्या पुंगळ्या वेगळ्या काढून ठेवतो.

तिसरं ठिकाण असं की ज्यावर भले भले फसतात. शेवटी क्रिम्प देणाऱ्या काही डायमध्ये खाली कार्बाइडची कडी असते. ती तयार काडतुसाला वरून खालपर्यंत पुन्हा दाबते, म्हणजे ते कुठल्याही चेंबरमध्ये (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या खणात) जावं. जॅकेटच्या गोळीला त्याने फारसं बिघडत नाही. मऊ गाभ्याच्या गोळीला मात्र ही कडी पुंगळीच्या आतल्या आत दाबून बारीक करते. मग पितळ थोडं परत फुलतं, कारण पितळेला स्प्रिंग असते. शिशाला ती नसते. झालं, गोळी पुंगळीत सैल. वरून क्रिम्प ठसठशीत दिसते आणि पकड मात्र गेलेली. माणूस मग क्रिम्प आणखी वाढवतो, आणि चक्र सुरू होतं. तुमच्याकडे ही डाय असेल तर मुलाम्याच्या गोळीपुरती बाजूला ठेवा.

आता क्रिम्प. टेपर क्रिम्पची डाय वेगळी घ्या आणि गोळी बसवणं व क्रिम्प देणं ही दोन कामं दोन टप्प्यांत करा. एकाच डायमध्ये दोन्ही केलंत तर गोळी खाली सरकत असतानाच तोंड आत वळू लागतं आणि कड मुलाम्यावरून घासत जाते. ओतीव गोळीला खाच असते म्हणून तिथे हे खपून जातं. टेपर क्रिम्पचं काम फक्त एक्सपांडरने उघडलेलं तोंड परत सरळ करणं, त्यावर अगदी नावापुरता दाब. मोजायचं कसं? भरण्याआधी पुंगळीच्या तोंडाशी भिंतीची जाडी मोजा, तिची दुप्पट करा, त्यात गोळीचा व्यास मिळवा. तयार काडतुसाच्या तोंडाचं माप या बेरजेइतकं किंवा त्याहून इंचाचा एखादा हजारावा भाग कमी यायला हवं. जास्त आलं तर तोंड अजून उघडं आहे. फार कमी आलं तर तुम्ही चावताय.

आकड्यांपेक्षा माझा भरवसा दोन परीक्षांवर आहे. पहिली परीक्षा म्हणजे सेटिंग ठरवायच्या आधी, दारू (बंदुकीची भुकटी) आणि प्रायमर (ती पेटवणारी टोपी) न घालता, एक नकली काडतूस बनवायचं आणि हातोडीसारख्या पुलरमध्ये घालून आपटून गोळी बाहेर काढायची. गोळीवर फिकट, चमकदार रेघ दिसली तर उत्तम. नखाला कड लागली किंवा रेघेत शिशाचा करडा रंग डोकावला, तर क्रिम्प कमी करा. आणि हातोडीच्या एका हलक्या फटक्यात गोळी निघून आली, तर क्रिम्पला हात न लावता एक्सपांडरकडे जा. दुसरी परीक्षा रेंजवर. सहा काडतुसं घ्या, त्यातल्या एकाची पूर्ण लांबी मोजून खूण करा आणि ते सर्वात शेवटी ठेवा. पाच उडवा, सहावं काढून पुन्हा मोजा. लांबी वाढली नसेल तर तुमचं काम झालं. वाढली असेल तर तेच काडतूस परत वापरून पुन्हा पाच उडवायच्या भानगडीत पडू नका, घरी जाऊन पकड सुधारा. मुलाम्याच्या काही गोळ्या खाच पाडूनही मिळतात. हलक्या चौकटीचं रिव्हॉल्व्हर असेल तर त्याच घ्या. त्यांना हलकी रोल क्रिम्प चालते.

राहिला डेटाचा, म्हणजे दारूची मात्रा सांगणाऱ्या तक्त्याचा प्रश्न. शिशाचा की जॅकेटचा? पहिला मान गोळी बनवणाऱ्याने दिलेल्या सूचनेला. तिथे बहुधा हेच लिहिलेलं असतं की त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीचा डेटा किंवा जॅकेटच्या डेटाचा खालचा-मधला भाग वापरा. मी दारूचे आकडे इथे देत नाही, आणि कुणी अनोळखी माणसाने दिले तर तुम्हीही घेऊ नका. दारू बनवणाऱ्यांची ताजी छापील पुस्तकं असतात, त्यातली सुरुवातीची मात्रा घ्या आणि तिथून पुढे जा.

वेगाला वरून मर्यादा आहे. साध्या मुलाम्याच्या गोळीला सेकंदाला सुमारे १,२५० फूट, म्हणजे ३८० मीटरच्या आसपास, अशी मर्यादा ‘बेरीज’ (Berry's) या कंपनीसारखे उत्पादक सांगतात. जाड मुलाम्याच्या गोळ्यांना ती जास्त असते. त्यापलीकडे पातळ सदरा आट्यांचा पीळ सोसत नाही आणि नेम विखुरतो. .३८ स्पेशल या मर्यादेजवळही जात नाही. .३५७ मॅग्नम सहज ओलांडतं. दोघांच्या ताकदीत किती अंतर आहे याचा अंदाज दाबावरून येईल. .३८ स्पेशलचा कमाल दाब चौरस इंचाला १७,००० पाउंड, .३५७ मॅग्नमचा ३५,०००. पूर्ण ताकदीचं मॅग्नम भरायचं असेल तर जॅकेटची गोळी घ्या. चार पैसे वाचवायची ती जागा नव्हे.

खालच्या मर्यादेकडे मात्र फार कमी लोकांचं लक्ष जातं, आणि मला तीच जास्त धोक्याची वाटते. शिशाची गोळी वंगण लावलेली असते, अगदी हलक्या मात्रेनेही नळीतून घसरत जाते. तांबं तसं घसरत नाही. त्यात सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये फट असते, तिथून थोडा वायू कायमच निसटतो. ‘सरावालाच तर आहे’ म्हणून मात्रा पुस्तकातल्या किमानाच्या खाली नेलीत तर गोळी नळीतच बसू शकते. लांब नळीत शक्यता आणखी जास्त. आवाज ‘ठो’ऐवजी ‘फुस्स’ आला, धक्का जाणवला नाही, तर बोट चापावरून काढा. हत्यार सुरक्षित दिशेला धरून थोडा वेळ थांबा, मग रिकामं करा आणि नळी आरपार बघा. सिलिंडर मोकळा फिरतोय याचा अर्थ नळी मोकळी आहे असा होत नाही. अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी गेली की नळी फुगते किंवा फुटते.

याच्याच जोडीचा दुसरा धोका म्हणजे दुप्पट मात्रा. .३८ स्पेशल आलं १८९८च्या सुमाराला, काळ्या दारूच्या जमान्यात, म्हणून तिची पुंगळी प्रशस्त आहे. आजच्या तेज दारूची चिमूटभर मात्रा तिच्या तळाशी पडून राहते, आणि चुकून दोनदा पडली तरी वर जागा उरते, डोळ्याला काही खटकत नाही. शक्य असेल तर पुंगळी अर्ध्याहून जास्त भरेल अशी फुलकी दारू निवडा, म्हणजे दुसरी मात्रा ओतताच सांडेल. नाहीतर पन्नास पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करून, गोळी बसवण्याआधी विजेरीने प्रत्येकीत डोकवा. मी इतकी वर्षं करतोय, तरी अजून डोकावतो. आणि दारू भरताना कुणी बोलायला आलं तर त्या फेरीतल्या पुंगळ्या पुन्हा रिकाम्या करतो. घरचे आता सवयीने बोलत नाहीत.

.३८ च्या पुंगळ्या .३५७ च्या चेंबरमध्ये वापरण्याबद्दलही बोलायला हवं. मॅग्नमची पुंगळी १.२९० इंच, स्पेशलची १.१५५. लांबीतला हा फरक १९३५ मध्ये मॅग्नम आणताना मुद्दाम ठेवला, म्हणजे ते जुन्या कमकुवत रिव्हॉल्व्हरमध्ये जाऊच नये. आखूड पुंगळ्या सतत उडवल्या की त्यांच्या तोंडापुढे चेंबरमध्ये काजळीची कडी साचते. मग एखाद्या दिवशी मॅग्नमचं काडतूस घातलंत तर त्याचं तोंड त्या कडीत रुततं, गोळी सोडायला त्याला उघडता येत नाही आणि दाब वाढतो. काडतूस शेवटचे दोन-तीन मिलिमीटर अंगठ्याने ढकलावं लागलं तर समजा कडी साचली आहे. ब्रशने सहाही चेंबर घासा. मुलाम्यात वंगण नसल्यामुळे ही कडी शिशापेक्षा सावकाश साचते, हा एक फायदा.

हे सगळं जुळवूनही गोळ्या विखुरल्या तर दोष रिव्हॉल्व्हरच्या मापात असू शकतो. सिलिंडरच्या पुढच्या तोंडांचा व्यास नळीतल्या आट्यांच्या खाचांच्या व्यासापेक्षा लहान असेल तर गोळी आधीच बारीक होऊन नळीत जाते. मऊ गाभा एकदा दबला की परत फुलत नाही. आणि चेंबर नळीच्या समोर नेमकं येत नसेल तर बाजूने तांब्याचे कण उडतात, शेजारच्या लेनमधला माणूस चेहरा पुसतो. दोन्ही कामं बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराची आहेत, घरच्या कानशीची नाहीत.

शिशाच्या धुराचं म्हणाल तर गोळीचं बूडही मुलाम्याने झाकलेलं असल्याने गरम वायू शिशाला चाटत नाहीत, धूर कमी होतो, आणि बंदिस्त रेंजवर हा फरक नाकाला कळतो. पण बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतंच, त्यामुळे हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही, आणि वापरलेल्या पुंगळ्या स्वयंपाकघरात धुवायच्या नाहीत.

उरली तुमची आधी भरलेली काडतुसं, घट्टही आणि ढिलीही. ती उडवून संपवू नका. हातोडी-पुलरने सगळी सोडवा, डोळ्यांना चष्मा लावून आणि सावकाश. गोल चीर पडलेल्या गोळ्या भंगारात टाका, त्या पुन्हा हलक्या क्रिम्पने भरल्या तरी चीर बुजत नाही. ढिल्या काडतुसांतल्या गोळ्यांवर ओरखडा नसेल तर त्या वापरता येतील, फक्त पुंगळ्या आधी नव्याने आकसवून घ्या. जिवंत प्रायमर तसाच राहू द्यायचा असेल तर डायमधली प्रायमर काढणारी सुई आधी काढून ठेवा. दारू कुठली याबद्दल शंभर टक्के खात्री असेल तरच डब्यात परत जाईल. जराही शंका असेल तर डब्याकडे बघायचंही नाही.